होडी सोडा, घरी या

माझा नवरा भित्रा नाही. हे मी पनवेलच्या अख्ख्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि तिथे माझा सख्खा भाऊ बसलाय.

झेबाचे अब्बा, अय्यूब, उमेदीची सगळी वर्षं कुवेतच्या बोटयार्डात घालवून घरी आले. झेबा आठवीत गेली तरी बाप तिला मोबाइलच्या पडद्यावरच जास्त ठाऊक. आता परत जायचं नाही, असं ठरवून त्यांनी गव्हाणच्या खाडीकाठी शिडाची होडी बांधायला घेतली. पर्यटकांना फिरवायचं, संध्याकाळी घरी जेवायला यायचं, एवढंच मागणं होतं आमचं. लाकूड त्यांनी स्वतः निवडलं, शीड स्वतः शिवलं. फक्त सुकाणू ज्यांच्यावर अडकवतात त्या बिजागऱ्या माझ्या भावाने, शहजादने, आणून दिल्या. कळंबोलीत त्याचं लोखंडाचं दुकान आहे.

"अय्यूबभाई, जहाजाचा माल आहे. गंज चढला तर नाव बदला माझं," म्हणाला.

ह्यांनी बिजागरी नखाने खरवडून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एवढ्या प्रेमाने आणलंय त्याने." झालं. आमच्यात साल्याने दिलेली वस्तू कुणी पारखून घेत नाही. पारखली की बहिणीचं माहेर गेलंच म्हणून समजा. ह्यांनी गुमान त्याच बसवल्या.

पहिली सफर बाणकोटला, सासूबाईंना होडी दाखवायला. शहजादही हौसेने चढला, निघताना दहा सेल्फी काढले त्याने. मुरूडच्या समोर वारा चढला आणि बिजागऱ्या तुटून सुकाणू पाण्यात गेलं. होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. जवळून जाणारं एक मालवाहू जहाज थांबलं. कप्तान म्हणाला, माणसं वर घेतो, होडी ओढणार नाही.

हे म्हणाले, "मग ह्याला घेऊन जा. मी मागे सुकाणूच्या जागी वल्हं बांधतो, शीड उतरवतो आणि वारा पडला की किनारा धरतो." कुवेतमध्ये हेच तर शिकले होते. पण शहजाद एकटा कसा चढेल? मेहुण्याला सोडून पळाला, असं लोक म्हणतील ना. त्याने मला फोन लावला. रडत होता. "आपा, अय्यूबभाई मरायला बसलेत."

मी चपात्या लाटत होते. फोन ह्यांच्या हातात द्यायला लावला आणि म्हटलं, "होडी सोडा, घरी या. तुम्हाला झेबाची कसम आहे."

ते म्हणाले, "फरिदा, होडी चांगली आहे. कुठे फुटलेली नाही."

"होडीचं कौतुक मला सांगू नका. कसम घातलीय मी."

पोरीची कसम मोडणारा बाप नाहीये तो. जहाजावर चढले.

त्याच आठवड्यात होडी आपली आपण दिवेआगरच्या पुळणीवर जाऊन बसली. धडधाकट. किटली जागच्या जागी, शीडसुद्धा फाटलेलं नाही. कुणीतरी फोटो काढला आणि तो पनवेलभर फिरला. "अय्यूब, तुझी होडी तुझ्यापेक्षा धीराची निघाली रे," नाक्यावरचे हसायचे. आणि आमचा शहजाद काय सांगत सुटला होता माहितीय? म्हणे, मी थांबायलाच सांगत होतो, अय्यूबभाईंचीच हवा टाइट झाली. मेल्याची जीभ झडली कशी नाही.

मी ह्यांना म्हटलं, "सांगा ना लोकांना. बिजागऱ्या कुणाच्या होत्या, रडत फोन कुणी लावला."

"तुझ्या भावाचं नाव मी काढणार नाही," म्हणाले. "तुला काढायचं तर तू काढ."

मी नाही काढलं. अम्मी अजून शहजादच्याच घरात आहे, मला तिथे जावं लागतं. खरं सांगते, ते गप्प राहिले म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

"होडी तरी आणा. दुसरं सुकाणू बसवा," मी मागेच लागले.

"आणून? मध्येच होडी सोडून जाणाऱ्या माणसाच्या भरवशावर पोराबाळांना घेऊन कोण बसेल?" म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले तरी असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुवेतला जुन्या मुकादमाला फोन केला.

ज्या माणसाला मी समुद्रातून घरी ओढून आणलं, तो आता विमानाने निघाला होता. जायच्या सकाळी झेबा दार लावून आत बसली, बाहेर यायला तयार नाही. मी ह्यांच्या समोर उभी राहिले.

"मी थांबा म्हटलं तर थांबाल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी.

"थांबेन," म्हणाले. "तू म्हटलंस की मी थांबतोच. म्हणून हात जोडतो फरिदा, म्हणू नकोस."

मी थांबा म्हटलं नाही. त्यांची बॅग उचलून मीच रिक्षात ठेवली.