तिसऱ्या मशीनची गावं

साहेब, ललिताचं पोर तुम्ही मारलंत. कावीळ तर निमित्त.

ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंड कोणी उघडत नाही. मी उघडतो. नोकरी गेली तर गेली.

गावोगावच्या काविळीच्या रुग्णांचे आकडे आपल्याकडं यायचे. कुठल्या गावात साथ पेटेल याचं गणित आपण करायचं आणि तिथं आरोग्य पथक जायचं. एका संगणकाला हे ओझं पेलेना म्हणून चार जोडले आणि गावं वाटून दिली. चारही एकदम गणित करायचे, पहिला उत्तरं गोळा करायचा. प्रोग्राम मी लिहिलेला. एका जरी मशीनचं उत्तर आलं नाही, तर तो तांबड्या अक्षरांत तसं सांगून थांबायचा.

त्या तांबड्या अक्षरांचाच तुम्हाला राग. मुंबईची समिती बघायला येणार होती.

"पावण्यांसमोर हे मधीच बोंबलायला लागलं तर? इज्जत जाईल आपली," तुम्ही म्हणालात. "चूक आली तर शून्य धरायचं आणि पुढं जायचं. सूचनाबिचना बंद कर."

"साहेब, शून्य म्हणजे गावात रोगी न्हाय. उत्तर आलं न्हाय म्हणजे आपल्याला म्हाईत न्हाय. फरक हाय की ह्यात!"

"ज्ञानू, हॉर्न वाजला म्हणून गाडी थांबवतोस व्हय रं?"

सगळं ऑफिस हसलं. मी हात लावला नाही, म्हणून तुम्ही ते माझ्या हाताखालच्या अतुलकडून करून घेतलंत. समिती आली, चहा पिऊन गेली. सूचना बंद त्या बंदच.

मग २००६ ची खंडेनवमी. मी रजेवर होतो. अतुलनं नंतर रडत सांगितलं ते असं. गणित चालू होतं आणि तुम्ही पूजा मांडलीत. मॉनिटरला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. लाइटच्या माळेला प्लग मिळेना.

"तिसऱ्याचा काढ की," तुम्ही म्हणालात. "तीन हायतच चालू."

अतुलनं काढला. माळ पेटली, नारळ फुटला, पेढे वाटले. तिसरं मशीन हारासकट मेलेलं. पहिल्यानं त्याची वाट बघितली, चूक आली ती मुकाट गिळली, तिसऱ्याच्या सगळ्या गावांपुढं शून्य भरलं आणि लिहिलं, काम पूर्ण. त्या अहवालावर तुम्ही सही केलीत.

त्यातलं एक गाव मुरगूडच्या पुढचं, माझ्या आत्याचं. आत्या, चिमणाबाई, दसरा झाल्यावर आरोग्य केंद्रात गेली. पथक कधी येणार, विचारलं.

"मावशी, वरनं आलंय. तुमच्या गावात कावीळ न्हाय."

"न्हाय? मग माझी सून काय डोळ्यांत हळद घालून बसलीया?"

ती सून म्हणजे ललिता. सातवा महिना. ललिता ज्या टाकीचं घाण पाणी प्यायली, तेच वस्तीतली निम्मी घरं पीत होती आणि पथक दुसऱ्याच गावात फिरत होतं. शेवटी जीप करून तिला कोल्हापूरला आणलं. ललिता वाचली. पोर पोटातच गेलं.

मी सूचना परत चालू केल्या, तिसऱ्याचा प्लग काढून तेच गणित पुन्हा चालवलं आणि तुम्हाला पडदा दाखवला. तिसऱ्या मशीनकडून उत्तर नाही, तांबड्या अक्षरांत. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "मशीनचा दोष. आता वाढवू नकोस."

कसला दोष? मशीन बोलत होतं. तोंड दाबलं कुणी त्याचं? आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही अतुलला सांगून सूचना पुन्हा बंद केल्यात! पुढच्या अहवालात कुणाच्या गावाला शून्य मिळणार, सांगता येईल तुम्हाला?

सोमवारी चिमणाबाई तुमच्या केबिनच्या दारात येऊन बसणार आहे. सोबत ललिता. तुम्हाला एकच विचारणार: आमच्या गावापुढं शून्य कुणाच्या सांगण्यावरून पडलं?

मशीनचं नाव घेऊ नका. माणसाचं नाव सांगा.