भट्टीपुढची सावली

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो. सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो ना, तो छोटा पडदा. माझा एक कोपरा तडकलाय, एक बटण दोनदा दाबावं लागतं, पण नजर अजून शाबूत आहे. माझ्या कामाला ‘फॉल्स कलर’ म्हणतात, म्हणजे खोटे रंग. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला!

खोटं कसलं? एक बटण दाबलं की मी नेहमीचं चित्र बाजूला सारतो आणि कुठे किती उजेड आहे ते रंगांनी सांगतो. उजेड इतका जास्त की काहीच टिपलं जाणार नाही, तिथे लाल. त्याच्या थोडं अलीकडे पिवळा. मधला उजेड हिरवा. अंधारात सगळं बुडालं तर जांभळा, बुडता बुडता वाचलं तर निळा. आणि माणसाचा चेहरा नीट उजळला की गुलाबी. माणसांचे डोळे थकतात, फसतात. मला थकवा ठाऊक नाही.

माझी मालकीण म्हणजे कॅमेरा चालवणारी ताई. तिची एक सवय होती. प्रत्येक शॉटआधी ती लेन्सला टोपी घालायची आणि माझ्याकडे बघायची. समोर मिट्ट काळोख, तेव्हा मी काठोकाठ जांभळा व्हायलाच हवा. झालो की म्हणायची, “गडी शुद्धीवर आहे.” मला फार बरं वाटायचं.

मग तो दिवस आला. ताईचे बाबा काच फुंकणारे कारागीर. त्यांचा कारखाना कायमचा बंद होणार होता आणि भट्टीत शेवटची काच उरली होती. बाबा तिचं एक भांडं फुंकणार आणि ताई ते टिपणार. ताईच्या घरात बाबांचे फोटो खूप होते, पण प्रत्येकात मागे धगधगती भट्टी आणि पुढे एक काळी सावली. चेहरा एकातही नाही. “आज मला बाबांचा चेहरा हवाय,” ती सकाळीच म्हणाली होती. “काम करतानाचा.”

भट्टीचं इंधन तोडलं होतं. आतली काच घट्ट होत चालली होती. जमलं तर एकदाच जमणार होतं. शेजारच्या खोलीत जुने कामगार मोठ्या पडद्यासमोर बसले होते. त्यांना बघायला छान वाटावं म्हणून त्या पडद्याकडे सजवलेलं चित्र जात होतं, थोडं उजळ, अंधारही राखाडी केलेला. घाईत ताईच्या चष्मेवाल्या सहायकाने तीच वायर मलाही जोडली. मला साधं, कॅमेऱ्यात उतरणारं चित्र मिळायला हवं होतं. मिळालं नटवलेलं!

बाबा जागेवर उभे राहिले. ताईने बटण दाबलं, आणि त्यांचा गाल पिवळा दिसला.

“अरे देवा, चेहरा उजेडात जळतोय,” ती पुटपुटली आणि लेन्समधून येणारा उजेड कमी करत गेली. अजून कमी. अजून. गाल गुलाबी झाला. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि माझा जीव खालीवर झाला. कारण माझ्यावर गुलाबी असलं तरी कॅमेऱ्यात चेहरा अंधारात गेला होता. परत सावलीच! ओरडावं तर तोंड नाही. टोपी घाल गं, टोपी! पण समोर बाबा होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती टोपी विसरली.

“घेऊ का?” बाबांनी काच फुंकायची नळी उचलली. मग थांबले. लेकीची सवय त्यांनी आदल्या दिवशीच पाहिली होती, चेष्टाही केली होती. “आज तुझ्या यंत्राला थंडी नाही वाजत वाटतं? टोपी कुठाय?”

“बाबा, वेळ नाहीये हो!”

“वेळ माझ्या काचेला नाही. तुला आहे,” असं म्हणत ते पुढे आले आणि हातातला जाड, करपलेला मोजा त्यांनी लेन्सवर गच्च दाबून धरला.

मी निळा झालो. सगळाच्या सगळा निळा. नटवलेल्या चित्रात काळोखही राखाडी होता ना!

ताई बघतच राहिली. “निळा का? जांभळा हवा... वायर! कोणती वायर लावलीस रे?”

चष्मेवाल्याच्या हातून वायर दोनदा निसटली. मोजा बाजूला झाला, बाबांची नळी भट्टीत गेली, काचेचा गोळा जड होऊन बाहेर आला. तेवढ्यात मला साधं चित्र मिळालं आणि बाबांचा चेहरा जांभळ्यात बुडालेला दिसला. ताईने लेन्समधून येणारा उजेड झरझर वाढवला. निळा, हिरवा... गुलाबी! भट्टीचं तोंड लालभडक झालं. ते तिने होऊ दिलं. बाबांनी गाल फुगवून फुंकर मारली.

त्या रात्री घरी तिने तो शॉट माझ्यावरच लावला, खऱ्या रंगांत. बाबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. सवयीने ते काळी सावली शोधत होते.

“यात मी कुठाय गं?”

ताईने बोट ठेवलं. घामाने चमकणारे गाल, भुवईवरचा जुना डाग, काचेवर खिळलेले डोळे.

“हा मी?” बाबा म्हणाले. ताई रडत होती.

आता नवे मॉनिटर आले आहेत. मी कपाटात असतो, माझी वायर कुणीतरी करकचून गुंडाळून ठेवली आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याला मऊ फडक्याने पुसा, वायर सैल गुंडाळा. आणि माझ्यावर कितीही विश्वास असला, तरी आधी लेन्सवर हात ठेवून बघा. मला मुळीच राग येणार नाही.