तीन नंबरचा कप

कॉफीच्या कंपनीतल्या मुख्य चवपारख्याला सगळे नुसतं 'नाक' म्हणायचे. तोंडावर 'नाकसाहेब'. सव्वीस वर्षं हा माणूस कपात नाक खुपसून बिया कुठल्या उतारावरच्या, पोत्यात किती दिवस पडून होत्या, हे सांगत आला होता आणि लोक माना डोलावत आले होते. त्यातलं निम्मं तरी खरं असावं.

आता त्या नाकाचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरता उरला होता. चौदा महिन्यांपूर्वी एक ताप आला, चार दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. परत येईल, असं डॉक्टर म्हणायचे. हल्ली तेही म्हणेनासे झाले होते. ही गोष्ट डॉक्टरांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती आणि वास न येणाऱ्या नाकाला कंपनी कशाला पोसेल? पण खरी भीती वेगळीच होती. नाक गेलं हे चारचौघांत कळलं तर आपण नक्की कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग चौदा महिने निभावलं कसं? तर कानांनी.

चवीच्या खोलीत बोलायला बंदी होती. भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतायचं, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडायचा, वास घ्यायचा आणि मग चमचा ओठांशी नेऊन असा सणसणीत भुरका मारायचा, की घरी कुणी मारला तर आईने पाठीत धपाटा घातला असता. नाकसाहेबांच्या शेजारी अकरा वर्षं दुसरी पारखी बसायची. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना कॉफी आवडली की भुरका लांब, नावडली की आखूड. नाकसाहेब तो भुरका ऐकायचे, भुवया उंचावायचे किंवा पाडायचे आणि गंभीर चेहऱ्याने गुण लिहायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण मालकांची सून शिकून आली आणि आल्या आल्या तिने टेबलाच्या मधोमध लाकडी आडोसा उभा केला.

"एकमेकांच्या तोंडाकडे बघून गुण द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "आपली सगळ्यात उंची कॉफी निवडायची आहे. अख्ख्या बिया, काळी पिशवी, चौपट किंमत. यात चूक परवडणार नाही."

नाकसाहेब मिशीत हसले. आडोशाने डोळे झाकले जातात, कान थोडेच!

चार कप मांडले गेले. कंपनीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यातला एक 'राखणदार' होता. म्हणजे कंपनीचीच रोजची, साधी, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी कॉफी. पारखी डुलक्या घेतोय की काय, हे पकडायला ती गुपचूप ठेवत. राखणदाराला जास्त गुण दिले, तर अब्रूचं खोबरं झालंच म्हणून समजा.

पहिला कप. पलीकडून भुरका आला: ना लांब, ना आखूड. दुसरा, तसाच. नाकसाहेबांनी कान आडोशाकडे वळवला. बाईंना आज झालंय तरी काय? तिसऱ्या कपाला मात्र लांबलचक भुरका आला आणि पाठोपाठ कसलासा भावनेने दाटलेला खोकला. हाच तो! खात्री करायला ते तीन नंबरपाशी दोनदा परत आले, चमचा वाजवला आणि ब्याण्णव गुण लिहून मोकळे झाले. बाकीच्यांना सत्तरीत गुंडाळलं.

मालकांनी कप रिकामे केले आणि उलटे करून बुडाच्या चिठ्ठ्या वाचल्या. तीन नंबर राखणदार निघाला. नाकसाहेबांनी आपला चमचा पुसून खिशात घालायला घेतला.

तेवढ्यात सुनेने बाईंचा कागद वाचला. "तीन नंबर, एक्क्याण्णव."

मग मालकांनी टेबलावर थाप मारली. "मध्ये आडोसा असून दोघांत एका गुणाचा फरक! अहो, आपल्याच घरात सोनं होतं आणि आपण ते मातीमोल विकत होतो!"

सून आडोशाकडे अभिमानाने बघत होती.

कप विसळायच्या मोरीपाशी नाकसाहेबांनी बाईंना गाठलं. "बाई, तुम्हाला तीन नंबर एवढी आवडली?"

"आवडली कसली साहेब, ठसका लागला मला."

"मग एक्क्याण्णव?"

बाईंनी नळ मोठा सोडला. "तुमचा चमचा त्या कपात तीनदा वाजला. एरवी तुमच्या भुवया दिसतात. आज आडोसा होता." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला वास येत नाही. त्या तापापासून."

"कधीचा ताप?"

"तुम्हाला आला त्याच आठवड्यातला."

"मलाही येत नाही," नाकसाहेब म्हणाले.

चौदा महिने ही कंपनी कुणाच्या जिभेवर चालली होती, याचा हिशोब दोघांनीही केला नाही. दोघांना हसू आलं आणि हसता हसता बाईंचे डोळे भरून आले.

या कॉफीला कशाकशाचा वास येतो म्हणून पिशवीवर छापायचं, हे ठरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. दोघं आठवतील ते वास लिहीत बसले. बाईंनी संत्र्याची साल सांगितली, नाकसाहेबांनी नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीचा भुसा. तिसरा काही केल्या सुचेना. शेवटी नाकसाहेबांनी लिहिलं: न्हाऊमाखू घातलेल्या बाळाची टाळू. त्यांची नात सात महिन्यांची होती. बायको रोज तिच्या टाळूला नाक लावून डोळे मिटायची आणि म्हणायची, "अहो, काय वास आहे हा!" ते नुसतं "हो ना" म्हणायचे.

काळी पिशवी बाजारात आली आणि हातोहात खपली. एका संध्याकाळी नाकसाहेब मुद्दाम दुकानात गेले. एक अनोळखी महिला पिशवी दाबून, वास घेण्यासाठी ठेवलेल्या बारीक भोकाला नाक लावून उभी होती.

"अय्या, खरंच की!" ती शेजारी उभ्या असलेल्या नाकसाहेबांना म्हणाली. "अगदी बाळाच्या टाळूचा वास येतोय हो!"

कुणी ओळखीचं नाही ना, हे नाकसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मग हळूच विचारलं,

"कसा असतो हो तो?"