पाहुण्यांचा गॅस

इराबाईंचं पत्र शहाण्णवच्या जानेवारीत आलं. उत्तर न देता मी ते शब्दकोशाच्या अगदी शेवटच्या पानांत ठेवून दिलं. तिथं सहसा हात जात नाही.

इराबाई पुण्याला विद्यापीठात संशोधन करत. लाकूडफाटा आणि रॉकेल सुटून खेड्यातला स्वयंपाक गोबरगॅसवर येतो का, हा त्यांचा विषय. आमच्या लासुर्ण्यातल्या एकतीस घरांचे फॉर्म त्यांनी माझ्याकडून भरून घेतले. मी निवृत्त शिक्षक, अक्षर बरं, एवढीच माझी लायकी. मी घरोघर गेलो, निळी ज्योत डोळ्यांनी पाहिली, चहा घेतला आणि ‘चालू’ लिहिलं. एकतीसच्या एकतीस.

पत्रात त्यांनी साधंच विचारलं होतं: “गुरुजी, इतर गावांत निम्मे गॅस बंद आहेत. तुमचे सगळे चालू कसे? भाकरी कशावर भाजतात, ते पाहिलंत का? अहवाल मेअखेर जाईल. त्यावरून दुरुस्तीची गावं ठरतील.”

पाहिलं नव्हतं. परक्याच्या चुलीपाशी जायचा मला संकोच. तसं कळवायला एक ओळ पुरली असती. पण ‘क्षमस्व’ लिहावं की ‘माफ करा’, इथंच मी कागद फाडत राहिलो. मे गेला, जुलै गेला.

ऑगस्टातल्या एका सोमवारी तानूबाईनं मला रस्त्यात गाठलं.

“गुर्जी, दुरुस्तीवाला कवा यायचा? कळंबात दोनदा येऊन गेला म्हनं.”

“तुमचा तर चालू आहे ना?”

“कुटला चालू? या घरी, दाखिवते.”

घरी गेल्यावर ती आधी गॅसपाशीच गेली. तीन काड्या ओढल्या. ज्योत जरा फुरफुरली आणि विझली.

“टाकी गंजलीय. गॅस निसटून जातो.”

“मग त्या दिवशी कसा पेटला?”

“तुमी येनार म्हून दोन दिस राखला व्हता. पाव्हण्याला चुलीवरचा चा कसा द्यायचा? समद्या आळीनं तसंच केलं. साखरबाईचा तर तुमचा कप व्हईस्तवर बी टिकला न्हाय. तिनं मागल्या दारी चुलीवर उकळून आनला.” तानूबाई हसायला लागली.

मला हसू येईना. “अहो, मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“तुमी कुटं इचारलं? तुमी म्हनलात, पेटवून दाखवा. दाखिवलं.”

मग म्हणालो, “चहा चुलीवरच करा.”

“गुर्जीला? लोक काय म्हनतील!”

“करा.”

मी पाट ओढून चुलीपाशी बसलो. उसाचं पाचट भसकन पेटलं आणि खोली धुरानं भरली. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तानूबाई त्याच धुरात वाकून फुंकणी फुंकत होती.

“सरका तिकडं, धूर लागंल.”

“लागू दे.”

“आता बसलात व्हय चुलीपाशी!” ती फुंकणी खाली ठेवत म्हणाली. “फारम भराय आलता, तवा बसायचं व्हतं.”

गुरुवारपर्यंत सगळी घरं पुन्हा फिरलो. या खेपेला ज्योत पाहिली नाही. विचारून आत गेलो आणि चुलीतल्या राखेवर हात धरला. सत्तावीस घरांत राख ऊन होती.

त्या दुपारी पत्र एकाच बैठकीत लिहून झालं.

“इराबाई, एकतीस नव्हे, चार. बाकीच्या घरी मी पाहुणा होतो. चूक माझी आहे, त्या बायांची नाही. अहवाल गेला असेल, हे मला ठाऊक आहे. तरी सोबत नवे फॉर्म पाठवत आहे. दुरुस्तीसाठी काही करता आलं तर तानूबाईंचं नाव पहिलं घ्यावं.”

पाकीट जाड झालं होतं. पोस्टाच्या पेटीत ते दाबून सारावं लागलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.