मास्तरांचा शुक्रवार

पांढरकवड्याच्या नाक्यावर शांतवन मास्तरांनी जीपला हात केला आणि ती पुरती थांबायच्या आत दाराची दांडी धरली. आत बसल्यावरही त्यांना चैन पडेना. बायबल ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा काखेत धरली. हैदराबादकडे जाणारे ट्रक एकामागून एक निघून जात होते आणि ही जीप मात्र आणखी दोन सवाऱ्यांसाठी खोळंबली होती.

आज त्यांना शहात्तरावं लागलं होतं. सून ममतानं सकाळी शिरा केला, मुलगा रोशननं प्रार्थना केली, आणि आता घरी स्वस्थ बसा असं दोघांनीही प्रेमानं सांगितलं. स्वस्थ बसण्याला दोन महिने होत आले होते. भाद्रपदात मास्तर मोटारसायकलवरून वळणावर पडले, मनगट मोडलं, आणि हात प्लास्टरमध्ये असतानाच रोशननं गाडी विकून टाकली.

तीस वर्षं मास्तर दर शुक्रवारी केळापूरपलीकडच्या एका लहानशा गावात जात. तिथं चार-पाच ख्रिस्ती घरं होती. सगळी चंदाबाईच्या अंगणात जमत. मास्तर शास्त्र वाचत, समजावून सांगत, प्रार्थना करत. आपल्यावाचून ते सगळं बंद पडलं असणार, या विचारानं त्यांना जेवणसुद्धा गोड लागत नव्हतं. आज रोशन आणि ममता कामाला गेल्यावर ते कोणाला न सांगता निघाले होते.

फाट्यावर उतरून ते पायी चालू लागले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. चंदाबाईचं घर जवळ आलं तसा गाण्याचा आवाज कानावर आला आणि त्यांचे पाय थबकले.

अंगणात नऊ-दहा माणसं सतरंजीवर बसली होती. गाणं संपलं आणि चंदाबाई वाचू लागली. पन्नाशीची बाई, तिसरीतच शाळा सुटलेली. ओळीखाली बोट ठेवून, शब्दाशब्दाला ठेचकाळत ती वाचत होती. एक जोडाक्षर चुकलं तेव्हा दुरुस्ती मास्तरांच्या अगदी तोंडाशी आली. ती त्यांनी गिळली.

कोणीतरी त्यांना पाहिलं. सगळे उठले, हात धरून त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं. चंदाबाईनं पुस्तक त्यांच्या हाती दिलं आणि आता तुम्हीच वाचा म्हणाली. मास्तरांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. मग पुस्तक तिला परत देत, सुरू केलंस ते तूच पुरं कर म्हणाले.

वाचून झाल्यावर तिनं प्रार्थना केली. कापसासाठी उपकार मानले, म्हाताऱ्या इंदूबाईच्या गुडघेदुखीला उतार पडला म्हणून मानले. मग जरा थांबून म्हणाली,

"आन् मास्तर पडले, त्याच्यासाठी बी तुये उपकार, बापा. ते पडले नसते त आमी कधी पुस्तकाले हातच लावला नसता."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मास्तरांच्या तोंडून ते निघालं नाही. त्यांचा पाय खुर्चीखाली चप्पल चाचपू लागला.

तेवढ्यात कोणीतरी आठवण काढली की आज मास्तरांचा वाढदिवस. त्यांनी साक्ष द्यावी, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. मास्तर उभे राहिले. म्हातारपणी देवाचे उपकार कसे आठवावेत, हे त्यांनी इतरांना इतक्यांदा सांगितलं होतं की वाक्यं तयारच होती.

"देवानं मला पंचाहत्तर वर्षं सांभाळलं," ते म्हणाले, आणि अडले. चेहरे त्यांना नीट दिसत नव्हते. नुसते लुगड्यांचे रंग दिसत होते.

"त्या दिवशी मले वळण दिसलंच नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "वर्ष झालं, डोळे अंधूक झाले. पोराले सांगतलं नाई. सांगतलं असतं त गाडी गेली असती. मंग तुमाले माही काय गरज?"

चंदाबाई सतरंजीचा मुडपलेला कोपरा सरळ करत राहिली.

"आमी काय निस्तं वाचाले बलावत होतो तुमाले?" ती खाली मान घालूनच म्हणाली.

इंदूबाईनं सरकून आपल्या शेजारी जागा केली. मास्तर खुर्चीकडे वळले नाहीत. दोघा जणांच्या हातांचा आधार घेत ते खाली बसले. मांडी घालायला जमेना, तेव्हा कोणीतरी त्यांच्या पाठीशी उशी लावली आणि त्यांनी ती लावू दिली.

चंदाबाईनं पान उलटलं. म्हातारपणीही फळं देणाऱ्या झाडांचं स्तोत्र होतं. मध्येच तिचं बोट थांबलं. हा शब्द कसा म्हणायचा, असं तिनं विचारलं आणि पुस्तक त्यांच्यापुढे केलं.

"मले नाई दिसत," मास्तर म्हणाले. "एकेक अक्षर सांग."

"ट," ती म्हणाली. "व... मंग पुन्हा ट."

दुसऱ्या अक्षरालाच शब्द त्यांच्या ध्यानात आला होता. ते गप्प बसून राहिले. चंदाबाईचे ओठ हलत होते. दोनदा ती मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागली.

"टवटवीत," ती शेवटी म्हणाली.

"बराबर," मास्तर म्हणाले. "वाच पुढं. मी आयकून राह्यलो."