गणपतीत मिटलेला पिंजरा

उंदीर धरायचा एक जुना पिंजरा आहे मी. खाली फणसाच्या लाकडाचा पाट, वर लोखंडी तारांची कमान, आत खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा आकडा आणि पुढे वरून पडणारं दार. आता तारांना गंज चढला आहे. सोसले गावातल्या एका घराच्या कोठीत मी खुंटीला टांगलेला असतो आणि माझ्यात एक कोळी राहतो. मित्रांनो, उंदराच्या पिंजऱ्याला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण एके काळी माझ्यामुळे म्हैसूर शहरातली मुलींची एक शाळा उघडी होती. ती बंद कशी झाली, तेही मी पाहिलं आहे.

माझा जन्म म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातला. मला तुकोजीरावांनी घडवलं. त्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. आजोबांची तलवार घराच्या भिंतीवर होती, आणि तिच्याखाली बसून तुकोजीराव पाळणे, पाट आणि पोळपाट करत. त्या वर्षांत शहरात प्लेगाचं जाणं-येणं चालूच होतं. पावसाळा सरत आला की तो यायचा आणि उन्हाळ्यात ओसरायचा. आधी घरात उंदीर मरून पडत, मग माणसं. हे एव्हाना लहान मुलांनाही पाठ झालं होतं.

एक दिवस गोदावरीबाई तुकोजीरावांकडे आल्या. त्या विधवा होत्या, सोसल्याच्या. आमच्या गल्लीत राहणाऱ्या भवानीबाईंच्या, घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या मराठी मुलींची शाळा चालवत.

"पिंजरे हवेत. गल्लीत जेवढी घरं तेवढे," बाई म्हणाल्या.

"शाळा चालवताय की शिकार, बाई?"

"शाळाच. पण शिकार केली नाही तर ती चालणार नाही."

तुकोजीराव हसले. "आजोबा घोड्यावर बसून लढले. नातवाच्या नशिबी उंदीर. बरं की, करतो." आणि त्यांनी पहिला मला केला.

बाईंची अडचण साधी होती. प्लेग आला की सरकारी हुकमाने शाळा बंद होई. मुलांच्या शाळा पुढे उघडत आणि मुलं परत येत. मुली येत नसत. घरी बसलेल्या मुलीला महिनाभरात स्थळ येई, आणि पुन्हा शाळा उघडेपर्यंत ती सासरी गेलेली असे. दोन साथींत बाईंची अर्धी शाळा अशीच गेली होती. तेव्हा त्यांनी साथीच्या अधिकाऱ्यांपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्या गल्लीवर मी नजर ठेवते. जिथे उंदीर पडेल ते घर मी स्वतः कळवीन. गल्ली स्वच्छ आहे तोवर शाळा उघडी राहू द्या." अधिकाऱ्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर. गल्लीत एक जरी माणूस प्लेगाने आजारी पडलं, तर शाळेला कुलूप, आणि ते पुन्हा निघणार नाही.

मग गल्लीला एक नवी शिस्त लागली. रोज सकाळी घरातली मोठी बाई मुलीला घेऊन शाळेच्या दाराशी येई. गोदावरीबाई विचारत, "घरी काय?" ती म्हणे, "घर स्वच्छ आहे," आणि मग मुलगी आत जाई. उंदीर पडला असेल तर त्याला हात लावायचा नाही, दारातच सांगायचं. ते घर त्याच दिवशी रिकामं होई, माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांत जात, घराची कौलं उतरवून आत ऊन घेत. एका घराने त्रास सोसायचा आणि बाकीच्यांच्या मुलींनी शिकायचं, असा तो करार होता. लिहिलेला कुठेच नव्हता. सगळा बायकांच्या जिभेवर होता.

मी भवानीबाईंच्या घरी गेलो. त्यांची नात वेदवती त्याच शाळेत शिकत होती. वेदवती मोठी बोलकी. माझ्यात सापडलेले उंदीर उकळत्या पाण्यात टाकायला मोलकरीण मला उचलून नेई, तेव्हा ती दुरून वाकून म्हणे, "नमस्कार, पिंजरे मास्तर." पुढे सगळी शाळाच मला मास्तर म्हणू लागली. गोदावरीबाईंनीही एकदा हसून सांगितलं, "होय की. शाळेत दोनच मास्तर, मी आणि तो. त्याला सुटी नाही." मित्रांनो, पिंजऱ्याला असा मान कोण देतं?

पहिली कसोटी कृष्णवेणीच्या घराची लागली. कृष्णवेणी वेदवतीच्या शेजारी बसणारी मुलगी. तिच्या घरी चुलीमागे उंदीर मरून पडला. तिची आई अंबुजा तशीच पिठाच्या हातांनी शाळेच्या दाराशी धावत आली. "बाई, आमच्याकडे पडला."  त्याच दुपारी ते कुटुंब गाडीत भांडी घालून झोपड्यांकडे गेलं. महिनाभर त्यांनी थंडीत काढला, त्यांच्या घरातली लोणच्याची बरणीसुद्धा औषधाच्या पाण्याने नासली. पण कुणी दगावलं नाही. शाळा एक दिवसही बंद पडली नाही. कृष्णवेणी परत आली तेव्हा बाईंनी तिला सगळ्यांपुढे उभं करून म्हटलं, "हिच्या आईने खरं सांगितलं, म्हणून तुम्ही आज इथे बसल्या आहात." ती वर्षं माझी चांगली गेली.

मग एका वर्षी गौरी-गणपती आले.

भवानीबाईंच्या घरी गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत बसे. सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला धुऊन पुसून माझं दार खाली पाडून तारेने बांधलं आणि परसदारी ओट्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझ्या पाटाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. गल्लीतल्या साऱ्या घरांतून हेच चाललं होतं. उंदीर हे देवाचं वाहन. देव घरात असताना त्याला धरायचं नाही, हा रिवाज पिंजऱ्यांच्याही आधीचा होता.

गोदावरीबाईंना ते कळलं तेव्हा त्या परसदारी आल्या.

"अम्मा, एवढे दिवस पिंजरे बंद? साथीचे दिवस आहेत."

"मग काय करू? वाहन पिंजऱ्यात कोंडून देवापुढे कडुबूचा नैवेद्य ठेवू? तुम्हीच सांगा."

"देव रागावणार नाही."

"देव नाही रागावणार. गल्ली रागावेल. उद्या कुणी मुली पाठवणार नाहीत, मग शिकवा या पारिजातकाला."

बाईंनी एकदा माझ्या बांधलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, पिंजरे मिटा. पण पडलेला उंदीर मात्र सांगायचा. देव असो, नसो."

"सांगू की. साकु आता, पुरे झालं, प्रसाद घ्या."

मी भिंतीकडे तोंड करून ते सगळं ऐकत होतो. माझ्या मागे सण चालू होता. आरतीच्या झांजा ऐकू येत, तळणीचा वास येई. चवथीची सुटी संपून शाळाही भरू लागली होती. भिंतीपलीकडून मुलींचे पाढे ऐकू येत. आणि माझ्या समोरच्या भिंतीत, कौलांखाली, उंदीर निर्धास्त फिरत होते. शाळेची आणि घराची ती भिंत एकच होती.

एका सकाळी भवानीबाई केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून परसात आल्या. मागून वेदवती खुरपं घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अज्जी, बाईंना सांगायला पाहिजे."

"काय सांगायला पाहिजे? मखरापाशी आला, देवाच्या पायाशी निजला आणि गेला. असं मरण माणसाला येत नाही. तो रोगाचा असता तर तिथवर आला असता का?"

"पण बाई म्हणाल्या होत्या, देव असो, नसो."

"सुम्ने, गप्प बस गं. सांगितलं तर आजच्या आज देव उचलावा लागेल. चतुर्दशीच्या आधी, अर्ध्या पूजेवर. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून असं झालेलं नाही." भवानीबाईंनी खड्डा खणायला सुरुवात केली आणि आवाज खाली आणला. "आणि तुझा बाप काय म्हणालाय ठाऊक आहे ना? या वर्षी शिक्षण थांबलं तर दिवाळीनंतर लग्न. घर झोपड्यांत गेलं, तर महिनाभर तुझी शाळा थांबेल, आणि त्याला तेवढंच निमित्त पुरेल. मी तुझ्यासाठीच करतेय."

 वेदवतीने पान धरलं. आजीने उंदरावर हळदकुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं, आणि दोघींनी त्याला पारिजातकाखाली मातीत ठेवलं. मित्रांनो, भवानीबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जे केलं ते श्रद्धेने आणि नातीच्या प्रेमाने केलं. म्हणून तर ते थांबवायला कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने शाळेच्या दाराशी गोदावरीबाईंचा रोजचा प्रश्न मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"अम्मा, घरी काय?"

"घर स्वच्छ आहे. देव बसलाय."

आणि वेदवती आत गेली.

विसर्जनाच्या आधीच तिला ताप भरला. घरच्यांनी तो जागरणाचा मानला. मग तिच्या काखेत गाठ आली. वासुदेवरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, डॉक्टर आणला. डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि आधी घरातल्या बाकीच्यांना बाहेर काढा, म्हणाले. त्याच दिवशी शाळेच्या छपरातून बाकांवर मेलेले उंदीर खाली पडले. मुली किंचाळत रस्त्यावर आल्या. अधिकारी आले, दाराला कुलूप घातलं, आणि गोदावरीबाईंकडे न पाहता निघून गेले.

वेदवतीला झोपड्यांत हलवलं. मला तिथे कुणी नेलं नाही. ती गेल्याचं मला भवानीबाईंच्या रडण्यावरून कळलं, जेव्हा त्या कपडे न्यायला उघड्या छपराच्या घरात आल्या. त्यांच्या पाठोपाठ गोदावरीबाई आल्या. परसदारी, माझ्यापाशीच, भवानीबाईंनी त्यांना पारिजातकाखालची जागा दाखवली.

"मी देवाचा समजले, बाई."

गोदावरीबाई म्हणाल्या, "पिंजरे मिटायला मी हो म्हटलं. तुमच्या एकट्यावर कसं टाकू?"

"टाका. मला बरं वाटेल."

"मला नाही वाटणार, अम्मा."

इतक्यात दाराशी अंबुजा उभी राहिली. तिची कृष्णवेणी शाळेत वेदवतीच्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून बसत असे. तिलाही गाठ आली होती आणि तीही गेली होती. अंबुजा ओरडली नाही. ती भवानीबाईंना एवढंच म्हणाली, "आमच्या घरी पडला तेव्हा आम्ही सांगितलं होतं." आणि वळून गेली. पुढे कित्येक वर्षं मी तेवढं एकच वाक्य ऐकत राहिलो आहे.

उन्हाळ्यात साथ ओसरली. लोक परतले, कौलं पुन्हा चढली. गोदावरीबाई अधिकाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना अटीची आठवण करून दिली. मग त्या घरोघर गेल्या. कुणी दार उघडून म्हणे, मुलीचं लग्न ठरलंय. कुणी दारच उघडत नसे. पूर्वी प्लेगाची लस आधी स्वतः टोचून घेऊन त्यांनी गल्लीच्या बायकांची भीती एकदा मोडली होती. आता भीती रोगाची नव्हती, एकमेकींच्या शब्दाची होती. कुणी "घर स्वच्छ आहे" म्हटलं तरी त्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं, आणि त्या शब्दाशिवाय बाईंकडे दुसरं काहीच नव्हतं.

वासुदेवरावांना त्या खोल्या भाताच्या पोत्यांसाठी हव्या होत्या. बाईंनी खोल्या रिकाम्या केल्या. निघताना त्यांची नजर ओट्यावर माझ्याकडे गेली. माझं दार अजून तारेने बांधलेलं होतं.

"हा नेऊ?"

"न्या," वासुदेवराव म्हणाले. "घरात नकोच तो."

बैलगाडीतून मी बाईंबरोबर सोसल्याला त्यांच्या भावाच्या घरी आलो. तिथे मुलींची शाळा नव्हती. बाईंनी काढायचा प्रयत्न केला, पण म्हैसूरची गोष्ट त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. मला काही दिवस कोठीत लावलं, मग भावाने मांजर आणली, आणि मी खुंटीवर गेलो.

बाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. सकाळी ओसरीवर बसून त्या पाण्याला जाणाऱ्या बायकांना विचारतात, "घरी काय?" बायका हसतात. एक जण म्हणाली, "बाई, शाळाच नाही, मग विचारता कशाला?" बाई म्हणाल्या, "विचारायची सवय मोडू नये म्हणून." त्या बाईने घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मी तारांचा आहे. माझ्याकडे येईल तोच उंदीर मी धरतो; जो माणसं हळदकुंकू लावून पुरतात तो धरणं माझ्या हातात नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, माझे दिवस संपले. पण साथ आली, आणि कुणी दाराशी उभं राहून तुम्हाला घरचं विचारलं, तर देव असो, सण असो, कितीही लाज वाटो, जे असेल ते सांगा. तुमच्या त्या उत्तराच्या भरवशावर कुणाची तरी मुलगी भिंतीला टेकून पाढे म्हणत बसलेली असते.