ज्योत हलली तर

आमचं घर आधी घर नव्हतंच. तासगावच्या पुढे माळावर सगळ्यात जास्त वारा कुठं लागतो ते हुडकून आजोबांनी तिथं बेदाणा वाळवायचं शेड बांधलं होतं. पुढे नवं शेड झालं आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, लग्न ठरल्यावर घाईघाईत जुन्यालाच चार भिंती घातल्या. भिंती झाल्या, पण वाऱ्याला ते कुणी कळवलंच नाही. थंडीत आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप पानं उलटतं, आणि गरम भाकरी गरमच खायची असेल तर तव्याशेजारी बसावं लागतं.

तरी ते घर माझा जीव की प्राण. जानेवारीत माझं पहिलं बाळंतपण होतं. दवाखाना तासगावातलाच, पण तिथून बाळाला घेऊन यायचं ते आईकडेच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात सांगलीच्या विश्रामबागेतून सासूबाईंचा फोन आला.

सासूबाई, म्हणजे माझ्या तोंडी आत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण आवाज सुटला नाही. "शिवांजली, त्या वाऱ्यात मी बाळाला ठेवू देणार नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी येते. बाळंतिणीच्या खोलीत निरांजन लावून बघेन. ज्योत हलली तर बॅग उचलायची आणि माझ्याबरोबर यायचं."

फोन ठेवला तशी आई आबांवर घसरली. "आवं, द्राक्षाच्या घडाला कागद गुंडाळताय, थंडी पडली की पहाटं उठून बागंत धूर करताय, आन घरातल्या माणसांनी काय घोडं मारलंय तुमचं? माझी पोर जाईल की न्हवं सांगलीला!"

आबांनी डोकं खाजवलं. "मग द्राक्षागतच करू की," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते चक्क कागदाचे गठ्ठे काढायला उठले.

दुसऱ्या दिवशी आबांचे जुने दोस्त, गाद्या भरणारे महंमदचाचा, कापसाचं पोतं घेऊन हजर झाले. मला काम करायची बंदी, म्हणून मी पोटावर शेंगदाण्याची वाटी ठेवून खाटेवरून हुकूम सोडत होते. आबा पेटती उदबत्ती भिंतीजवळून फिरवायचे. धूर वाकडा गेला की ओरडायचे, "हितं!" चाचा त्या फटीत कापूस कोंबायचे.

"हितं बी!"

"भरला."

"आन हितं तर लयच!"

"गड्या, ही फट न्हाई, खिडकी हाय."

मी इतकी हसले की वाटी पोटावरून घरंगळली. पोटातलं बाळही लाथा झाडायला लागलं.

फटी बुजल्यावर आबांनी खळ शिजवली आणि द्राक्षाच्या घडांसाठी आणलेली रद्दी वर्तमानपत्रं पट्ट्या कापून भिंतीभर चिकटवली. आईनं जुन्या गोधडीचे काठ दाराच्या चौकटीला ठोकले. शेवटी उरला पत्र्याखालचा छोटा झरोका. आबा कापूस घेऊन शिडीवर चढलेच होते.

"त्यो ऱ्हाऊ द्या," आईनं दटावलं. "पोरीनं आन बाळानं श्वास कुठनं घ्यायचा?"

झरोका उघडा राहिला. आबांना रविवारपर्यंत त्याचाच घोर लागला.

रविवारी सासूबाई आल्या त्या पिशवीत स्वतःचं निरांजन, तूप आणि वात घेऊनच. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. आत आम्ही दोघीच. माझी भरलेली बॅग दाराशी तयार होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

सासूबाईंनी ज्योत लावली आणि वाकून बघितलं. "हलली!" त्या म्हणाल्या, आणि ज्योत खरंच लवून नमस्कार करावा तशी वाकली.

दाराबाहेर आई म्हणाली, "अगं बाई!" मग धावपळ ऐकू आली, शिडी खडखडली, आणि झरोक्यातून येणारा उजेड बंद झाला. आबांनी डोक्याचं मुंडासं कोंबलं होतं.

"आता?" वरून आबांचा आवाज आला.

"अजून हलतेय, आकारामराव! आणि आधी खाली उतरा, पडाल!" प्रत्येक शब्दाला ज्योत डुलत होती.

मुंडासं निघालं, आबा शिडीवरून उतरले. सासूबाई आता वारा कुठून येतोय ते शोधायला लागल्या. नाक भिंतीला लावलं तर समोर वर्तमानपत्र. छापील दिसलं की मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची शाळेतली सवय. "‘येत्या दोन दिवसांत ढगाळ हवामान’... कधीचा पेपर हा? ‘मेष, प्रवासाचे योग’... ‘म्हैस हरवली आहे’... अगोबाई, सापडली का पुढे?" मागे निरांजनात ज्योत नुसती नाचत होती.

आणि माझ्या लक्षात आलं, वारा कुठून येतोय ते.

पण सांगणार कसं? लग्न झाल्यापासून मी त्यांना "हो आत्या" याशिवाय दुसरं काही बोलले नव्हते. बॅगेकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून म्हणाले, "आत्या, जरा गप्प बसता का?"

सासूबाई थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

"ज्योत बघा," मी म्हणाले.

ज्योत सरळ उभी होती. वर झरोका सताड उघडा, तरी सरळ.

"म्हणजे..." त्यांनी तोंड उघडलं. ज्योत वाकली. त्यांनी तोंड मिटलं, ज्योत उभी राहिली. "मी?" ज्योत पुन्हा वाकली. मग सासूबाईंना असं हसू फुटलं की निरांजनच विझलं.

खाटेवर बसून आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"तुझा विश्वजित असाच थंडीत झाला, माझ्या माहेरी," त्या म्हणाल्या. "बारशाच्या आधीच त्याची छाती भरली. दवाखान्यात त्याला काचेतून बघायचे गं मी. तुझ्या घराला नावं ठेवायला नाही आले. मला भीती वाटते."

इतकी वर्षं ज्यांच्यापुढे मी घाबरून उभी राहायचे, त्याच माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या. मला त्यांची फार माया आली. मी त्यांचा हात घट्ट धरला. मग त्यांनी पुन्हा वात पेटवली, पदर तोंडावर दाबला आणि ज्योतीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. ती हलली नाही.

त्यांनी उठून दार उघडलं. समोर आई हात जोडल्यासारखी उभी, तिच्यामागे आबा आणि चाचा. सासूबाईंनी माझी बॅग उचलली. आईचा चेहरा पडला.

सासूबाईंनी ती बॅग खाटेखाली सरकवली.

"खोली पास," त्या म्हणाल्या. "पण बनुबाई, इथं खाट एकच आहे. माझी कुठं टाकणार? बारसं होईपर्यंत मी काही हलत नाही."

आईनं त्यांना मिठीच मारली. बाहेर आबा हळूच म्हणाले, "म्हमद, कापूस उरलाय का रं?"

"आता कशाला?"

"कानात घालाय."

सासूबाईंना ते ऐकू गेलंच. सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या, आणि निरांजन पुन्हा विझलं.